पारेचा ठिपका

वाइहोरोच्या खाडीवर जमीन हलली की माणसं आधी टेबलाखाली शिरतात आणि तिथूनच फोन काढतात. सरकारची भूकंपाची साइट आहे, फुकटची, कुणीही उघडावी. 'हादरा जाणवला का?' असं ती विचारते. हलका, जोराचा, भयंकर, यातलं एक निवडायचं, की नकाशावर आपण असू तिथं ठिपका उमटतो. हलक्याला पिवळा, भयंकरला लाल. नाव नाही, गाव नाही, नुसता ठिपका.

सगळा देश हे करतो, पण पारेइतक्या हावरटपणानं कुणी केलं नसेल. दिवा डोलायचा थांबलेला नसायचा आणि बाईचा ठिपका हजर! वर थोरल्या बहिणीला, हुहानाला, मेसेज: "पहिली मीच!" हुहानानं जन्मभर शाळेची बस चालवली, तोंडानं फटकळ. ती उलट लिहायची, "सरकार बक्षीस देणार आहे का तुला, बये?"

पारे गेली ती शिंपल्या काढताना, खडकावरच. हातातला फोन समुद्रात पडला, तो काही मिळाला नाही.

तिला मराएवर, म्हणजे गावकीच्या जागी, आणलं, कोरीव खांबांच्या मोठ्या घरात, उघड्या पेटीत. भिंतीवर आजोबा-पणजोबांच्या तसबिरी. आमच्याकडे मेलेल्या माणसाला मातीआड करेपर्यंत क्षणभरही एकटं सोडत नाहीत. काळे कपडे, डोक्याला हिरव्या पानांची वेटोळी, अशा बायका पेटीला खेटून बसतात. रडतात, थट्टा करतात, मेलेल्याची उणीदुणीही काढतात. हुहाना उशाशी बसली ती हललीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारीकसा हादरा बसला. हुहानानं सवयीनं फोन उघडला. नकाशावर एकच ठिपका होता, पिवळा, समुद्रात घुसलेल्या सुळक्यावरच्या पारेच्या घरावर. त्या घराची किल्ली हुहानाच्या खिशात होती.

तिनं भाच्याला, पारेच्या मुलाला, बोलावलं. "रेवेटी, तुमच्या घरात कोण आहे?"

"कोण असणार, मावशी? मांजरसुद्धा मी इकडं आणलंय." त्यानं फोन पाहिला. "कुणीतरी प्रवासी असेल. गाडी थांबवून नोंदवलं असेल."

"प्रवासी," हुहाना म्हणाली आणि तिनं खिशातली किल्ली चाचपली.

थोड्या वेळानं तिनं नकाशा पुन्हा पाहिला. तिथं आणखी एक पिवळा ठिपका आला होता. या खेपेला जमीन मात्र हललीच नव्हती. ती फोनकडे बघत राहिली. मग तसबिरी भिंतीवर खडखडल्या आणि बायका किंचाळल्या. हुहाना किंचाळली नाही. तिला आला होता राग. मेल्यावरही हिची पहिली यायची खोड जात नाही म्हणजे काय!

संध्याकाळच्या आधी नगर परिषदेचा माणूस आला. केल्विन त्याचं नाव, पिवळा डगला, बूट चिखलानं भरलेले. घरामागच्या टेकडीला भेग पडलीय म्हणाला. सगळ्यांनी गावच्या शाळेत चला, बसेस बोलावल्यात.

"आणि ही?" हुहानानं पेटीवर हात ठेवला.

"त्यांना शवागारात ठेवू. व्यवस्था आहे. तिथं तुम्हाला थांबता नाही येणार, पण एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"एक रात्र? परक्यांच्या फ्रीजमध्ये, एकटी?"

"बाई, त्यांना आता कळणार आहे का?"

हुहाना उठली. ती त्याच्या खांद्याएवढीच, पण तोच मागं सरला. "हिला कळत नाही हे तुला कुणी सांगितलं? तू विचारलंस? बूट काढ आधी. आणि ऐक, ती जाईल तिथं मी जाईन. पोरांना घेऊन जा, म्हाताऱ्यांना ने. मी इथून हलणार नाही. टेकडीला यायचंय तर येऊ दे."

"मावशी," रेवेटी दबक्या आवाजात म्हणाला. त्यानं आपला फोन पुढं केला.

ठिपका सुळक्यावर नव्हता. तो मराएवर होता. ते ज्या घरात उभे होते, त्या घरावर.

लाल.

जमीन स्थिर होती. बाहेर मेंढ्या चरत होत्या.

"उचला!" हुहाना ओरडली. "पेटी उचला! पोरं पुढं, चला!"

"कुठं?" केल्विननं विचारलं.

"समोरच्या कुरणात. तुझ्या फ्रीजात नाही."

"पेटी राहू द्या, आधी माणसं—"

"ती माणूस नाही का रे? धर तो कोपरा!"

त्यानं धरला.

पायऱ्या उतरले. फाटक ओलांडलं. कुरणाच्या मध्यावर पोचले.

मग आला.

सगळे गवतावर आडवे झाले. हुहाना पेटीवर पालथी पडली. मागं टेकडी खाली बसली, आणि कोरीव खांब, तसबिरी, छप्पर, सगळं तिच्याखाली गेलं.

माणूस एकही गेला नाही.

त्या रात्री पेटी ताडपत्रीखाली कुरणात राहिली आणि गाव तिच्याभोवती बसलं. घरासाठी माणसं पारेसाठी रडावीत तशी रडली. केल्विनही बसला, अनवाणी. कुणी त्याला चहा दिला, कुणी शिवी.

पारेला पलीकडच्या उंचवट्यावर पुरलं. त्यानंतर आठवड्यानं, सकाळी, हुहाना आपल्या स्वयंपाकघरात पाव भाजत असताना हलकासा धक्का बसला. तिनं नकाशा उघडला. उंचवट्यावर, कबरीच्या जागी, पिवळा ठिपका होताच.

"आलीस का पहिली?" ती म्हणाली. तिनं 'हलका' निवडलं, आपल्या घरावर बोट ठेवलं आणि पाठवलं.

ठिपका घरावर आला नाही. तो उंचवट्यावर उमटला, पारेच्या ठिपक्याला खेटून.

चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा पाठवलं. पुन्हा तिथंच.

"ए पारे, पुरे!" हुहाना कडाडली. "माती पडेपर्यंत बसले तुझ्यापाशी, डोळ्याला डोळा लागला नाही माझा. आता तुझं तू बघ. आजोबांचं मराएवरचं घर परत उभं करायचंय मला. मी येणार नाही, कळलं?"

तिनं फोन टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि पाय रोवून उभी राहिली. पाव करपल्याचा वास येत होता. जमीन गप्प होती.

नकाशावरचे दोन्ही ठिपके लाल झाले.