मफलर घातलात का?

थापा मारणं हा माझा धंदाच आहे, बनारसच्या दुर्गाघाटावर कुणालाही विचारा. पण हे घडलंय. मी स्वतः तिथे होतो.

गेल्या वर्षीचा जानेवारी. संध्याकाळचे साडेसहा. बनारसपासून दीड-दोन तासांवरचं चंद्रप्रभाचं जंगल.

पैज गल्लीत लागली होती. शेजारचा ढुंढिराज, बँकेतून रिटायर झालेला, नाकातून फुसफुस हसत म्हणाला, "बाळ्या, तुझ्या मजाकला आता गल्लीतली कुत्रीसुद्धा घाबरत नाहीत."

"चल, जंगलात तंबू टाकू. जो घाबरेल त्याची मिशी जाणार. पंचगंगा घाटावर, सगळ्यांसमोर!"

"पक्कं."

तंबू लावले. ढुंढ्या टॉर्च घेऊन पायवाटेने धबधब्याकडे निघाला. मी आडवाटेने पुढे जाऊन झाडामागे लपलो.

मला बायकांचे आवाज मस्त काढता येतात.

त्याची बायको अन्नपूर्णा, आमची वहिनी, चारच महिन्यांपूर्वी गेली होती.

हो. तेच केलं मी.

"अहो... स्वेटर घातलात का?"

ढुंढ्या थांबला.

"घातला गं," तो म्हणाला. अगदी हळू.

पुढची हाक मी मारलीच नाही.

तरी दुसरी हाक आली...

धबधब्याकडून.

"आणि मफलर?"

त्या जंगलात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो.

ढुंढ्या तिकडे चालू लागला. मी धावत बाहेर आलो. "ढुंढ्या, थांब! मी होतो रे! मजाक केली!"

तो वळलासुद्धा नाही.

"पहिली हाक तुझी होती, बाळ्या. लगेच ओळखली. ही तुझी नाही."

टॉर्च झाडांआड गेली... विझली.

मी पळालो. त्याच्यामागे नाही. तंबूकडे.

सकाळी चौकीदाराला घेऊन गेलो. ढुंढ्या खडकाला टेकून बसला होता. थंडगार. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

गळ्यात मफलर. राखाडी, वहिनीने विणलेला.

तो त्याने मणिकर्णिकेवर तिच्या चितेत ठेवला होता. मी जळताना पाहिला होता.

गल्लीत सगळे म्हणाले, हार्ट अटॅक. मीही मान हलवली.

दहाव्या दिवशी पंचगंगेवर पुतण्या विश्वेशने पिंड ठेवला. कावळे ढीगभर... एकही शिवेना. त्याने हात जोडून वचनं दिली. घर विकणार नाही, वर्षश्राद्ध चुकवणार नाही.

तास गेला.

"काकांचं काय राहिलंय हो?" त्याने मला विचारलं. "शेवटी तुम्हीच होतात ना बरोबर?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोर. वहिनीच्या आवाजासकट. पळालो तेही. मग न्हाव्यासमोर जाऊन बसलो.

"पूरा मुंडन, गुरु?"

"नहीं. सिर्फ मूंछ."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याभोवती गर्दी होती आणि कुणी हसत नव्हतं. विश्वेश माझ्या पायाशी थुंकला.

शेवटचा वस्तरा फिरला... आणि कावळा उतरला.

तेव्हाच मागे, पायऱ्यांवर, कुणीतरी नाकातून फुसफुस हसलं.

मी वळून पाहिलं नाही.