दिवसाला तीन चकत्या

इचलकरंजीत आता सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर चकत्यांचं पाकीट येतं. थंडगार, गुलाबी, पापडासारख्या पातळ मांसाच्या चकत्या. माणशी दिवसाला तीन. ज्यांच्या सोसायटीत मटण खाणाऱ्याला खोली मिळत नव्हती, तेही नाक दाबून तीन गिळतात. हौसेने नाही. पोटात राखण्या आहे म्हणून.

राखण्या हा प्रयोगशाळेत घडवलेला जंतू. टिकवलेलं मांस सडू नये, गुलाबी दिसावं म्हणून त्यात नायट्राइट नावाचा क्षार घालतात. पोटात त्यातून कॅन्सरला वाट करून देणारी संयुगं बनू शकतात. शहाणा माणूस म्हणेल, मग कमी खा! पण कमी खा म्हणणाऱ्याला कंपनी पगार देत नाही. तिने डॉ. रणधीर तोडकरला दिला. त्याने आतड्यात राहून तो क्षार आधीच फस्त करणारा जंतू बनवला. कंपनीने तो चकत्यांवर शिंपडला आणि पाकिटावर छापलं, 'गरोदरपणातही निर्धोक'.

दोन वर्षांत कळलं, की क्षार मिळाला नाही तर राखण्या आतड्याचं अस्तर खातो. रक्त पडतं. तोवर तो हातातून, पाण्यातून घरोघर पोचला होता. न खाणाऱ्यांच्याही.

आज तोडकरच्या भाचीचं, मिहिकाचं उष्टावण होतं. पहिला घास मामाचा. पाटासमोर चांदीच्या वाटीत खीर होती. मामाने खिशातून एक डबी काढली. बहिणीने, अनुजाने, त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"चकती वाटून आणलीस? अरे, सात महिन्यांचं पोर आहे ते!"

"तू तिची शी तपासायला दिली होतीस ना? तिच्यातही राखण्या आहे, अनु. बाळंतपणात तुझ्याकडून गेला. दुधावर होती तोवर झोपून होता. आता वरचं अन्न सुरू झालं की उठणार."

"मग औषध देऊन मार."

"एकदम मेला की त्याचं विष सुटतं. मोठ्या माणसांनाही झेपत नाही."

"पालक देते. बीट देते. त्यातही नायट्राइट असतं म्हणायचास ना?"

"असतं. पण भाज्यांतलं शरीराच्या कामाचं असतं, रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतं. ते त्याने खाऊ नये म्हणून मी त्याला मांसातल्या लाल रंगद्रव्याची खूण शिकवली. ती असेल तरच तो खातो."

"केवढा हुशार रे माझा दादा! आणि मीठ? चकतीत मीठ किती असतं?"

"भरपूर."

"ते खातो का तुझा राखण्या?"

"नाही."

"म्हणजे पोरीचं आतडं वाचवायचं आणि किडन्या घालवायच्या. चकत्या बंद केल्या तर काय होतं, हे एकाही दीडशहाण्याने आधी बघितलं नाही?"

रणधीर ओट्याकडे बघत राहिला. "चाचणीला रोज खाणारीच माणसं घेतली होती. बंद करा असं कुणाला सांगितलंच नाही. कंपनी म्हणाली, चांगली वस्तू कोण बंद करतंय?"

"आणि तू मान डोलावलीस."

"हो."

"माझ्या डोहाळजेवणाला पेटीभर आणल्यास. मी नको म्हटलं तर म्हणालास, भावावर भरवसा नाही का? पोटातल्या पोरीला आहेर केलास, दादा."

"अहो मामा!" बाहेरून अनुजाच्या सासूबाईंनी हाक मारली. "भरवताय ना? खिरीवर साय धरली."

"खीरच भरव," अनुजा म्हणाली. "पुढचं पुढे बघू."

रणधीरने डबी परत खिशात टाकली आणि बाहेर येऊन बोटातली सोन्याची अंगठी खिरीत बुडवून मिहिकाच्या ओठांना लावली. तिने तोंड वाकडं केलं आणि थुंकली. पुन्हा लावली. पुन्हा थुंकली. सगळे हसले. मामा हसला नाही. त्याच्या प्रयोगशाळेतली उंदराची पिल्लं अशीच दुधावरून तोंड फिरवायची. त्याने वहीत लिहिलं होतं, 'आवडीनिवडीत किरकोळ बदल'.

मिहिका खिरीकडे बघत नव्हती. मान वळवून, नाक वर करून, ती त्याच्या खिशाकडे झेपावत होती.

अनुजाने ते पाहिलं. पदर तोंडाशी नेला. मग वाकून स्वतःच त्याच्या खिशातली डबी काढली, उघडली आणि पाटावर आपटली.

"भरव. तुझ्या हाताने भरव. मला नाही जमणार."

त्याने करंगळीच्या टोकावर गुलाबी लगदा घेतला. मिहिकाने बोटच तोंडात घेतलं. डोळे मिटले. मचमच चोखलं.

"बघा, मामाचंच आवडलं!" सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

बोट केव्हाच स्वच्छ झालं होतं. रणधीर ते ओढू लागला.

"काढ आता," अनुजा म्हणाली.

"सोडत नाहीये."

दात नसलेल्या हिरड्या आणखी घट्ट मिटल्या.