चेट्टा, कार्ड दिसत नाहीये

“पंखा फिरत नाहीये.”

मी वर पाहिलं. त्रिशूरच्या वाचनालयाचा पंखा चांगला गरगरत होता.

“वरचा नव्हे हो... तुमच्या लॅपटॉपचा!” समोरच्या टेबलावरचा एक जण म्हणाला. “एवढं जड काम चाललंय आणि आवाज नाही? तुमचं ग्राफिक्स कार्ड झोपलंय.”

आगाऊ कुठला! पण बोलला ते खरं होतं. मिरीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखायचा, हे मी लॅपटॉपला शिकवत होते. वायनाडला आमच्या शेतकरी सोसायटीतल्या जुन्या संगणकावरही सगळं जसंच्या तसं चालावं म्हणून लिनक्सवर कंटेनर केला होता. कंटेनर म्हणजे लॅपटॉपच्या पोटातच बांधलेली वेगळी खोली. त्या खोलीतून कार्ड काही केल्या दिसत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय काम गोगलगाईसारखं सरकत होतं.

“काय सांगू चेट्टा, आठवडाभर डोकं फोडतेय. कंटेनरमध्ये कार्ड चालवणारा ड्रायव्हर कितीदा बसवला—”

“कंटेनरमध्ये? ड्रायव्हर?” तो इतका हसला की त्याच्या बिनदुधाच्या कट्टन चहाचा घोट सांडला. “अहो, भाडेकरू काय स्वतःचा विजेचा खांब घेऊन येतो? ड्रायव्हर घरमालकाचा. खोलीत नुसती वायर ओढायची. आणि खोली उघडताना स्पष्ट सांगायचं, कार्ड हवंय म्हणून. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही!”

त्यानं लॅपटॉपवर एक छोटं सॉफ्टवेअर बसवलं, माझ्या कमांडमध्ये कार्डाची मागणी घातली, आणि... घुर्रर्र! लॅपटॉप असा घोंघावला की ग्रंथपालबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही माना खाली घालून हसलो.

त्याचं नाव प्रजीश. त्रिशूरमध्येच एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. मी शेतकी कॉलेजातली. मग संध्याकाळी तो येऊ लागला, कधी सहज, कधी पळंपोरीचा, म्हणजे केळ्याच्या भज्यांचा, गरम पुडा घेऊन.

“काय अखिला, आज मिरीची तब्येत कशी आहे?”

“मिरी ठणठणीत. डॉक्टरच उशिरा येतात!”

“डॉक्टरांची फी तूच खाऊन टाकलीस...” रिकामा पुडा उलटा करत तो म्हणायचा. त्याची बोटं केळ्याच्या गोड तेलानं चमकत असायची आणि मला उगीचच बरं वाटत राहायचं.

एक गोष्ट मात्र घोळ करत होती. आमच्याकडे वयानं मोठा माणूस दिसला की ‘चेट्टा’, म्हणजे दादा. कंडक्टर चेट्टा, चहावाला चेट्टा. तोंडातून आपसूक निघतं. प्रजीशलाही मी तेच म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा जरासा उतरायचा. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. लॅपटॉपचं शिकून झालं होतं.

“चला, आता तुला माझी गरज नाही,” बॅग उचलत तो म्हणाला. “सुखी राहा, अनियत्ती.”

अनियत्ती. धाकटी बहीण! तो आवडत होता मला, चांगलाच आवडत होता. आणि मी माझ्याच तोंडानं त्याला दादा करून बसले होते.

पुढचे काही दिवस तो फिरकलाच नाही. शेवटी मीच निरोप धाडला: चेट्टा, कार्ड दिसत नाहीये.

तो आला तेव्हा बाहेर तुलावर्षाचा, परतीचा पाऊस कोसळत होता. ओल्या बाह्या वर सारून तो स्क्रीनवर वाकला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“अखिला... यात कार्ड मागितलेलंच नाहीये.”

“हो का?”

“तू ते पुसलंयस.”

मी खिडकीकडे पाहत राहिले. कान तापले होते.

“हे बघ,” तो हळूच म्हणाला, “मला घरी एक बहीण आहे. दुसरी... नकोय मला.”

“माझी आई बाबांना काय हाक मारते, सांगू?”

“काय?”

“चेट्टा.”

तो माझ्याकडे बघतच राहिला.

“म्हणजे इतके दिवस तू मला जे म्हणत होतीस, ते—”

“ते सवयीनं म्हणत होते,” मी म्हणाले. “आजचं मुद्दाम म्हटलंय.”