गुळगुळीत, लांबकेसी की खरखरीत

कुत्र्यांच्या पार्लरचं दार खांद्याने ढकलून तो आत आला, तेव्हा त्याच्या कडेवर चिखलाचा एक लांबलचक गोळा होता. गोळ्याला दोन डोळे होते. रस्त्यापलीकडे चष्म्यांचं दुकान चालवणारा हा माणूस तिने, पार्लरच्या मालकिणीने, रोज पाहिलेला… बोलायची वेळ मात्र आज पहिल्यांदाच आली होती.

"माझ्या पायरीवर बसला होता," तो म्हणाला. "कोणत्या जातीचा, तेही कळत नाही."

"आखूड पाय बघा की," ती हसली. "डॅक्सहुंड. कसला डॅक्सहुंड, ते आंघोळीनंतर सांगते."

चिखल उतरला आणि खालून चॉकलेटी, तुकतुकीत अंग निघालं. टॉवेल फिरवता फिरवता तिने त्याला सांगितलं, यांच्यात अंगावरच्या केसांच्या तीन तऱ्हा: एक गुळगुळीत, एक रेशमी लांब केसांची, आणि एक दाढीमिशीवाली खरखरीत. आकारही वेगवेगळे, आणि मोठा की छोटा हे बऱ्याच ठिकाणी छातीच्या घेरावरून ठरवतात. मग त्याने कुत्र्याला धरलं, तिने टेप फिरवली. टेपचं टोक त्याच्या बोटांखाली अडकलं. दोघांनाही ते सोडवायची घाई नव्हती.

"चौतीस सेंटीमीटर," ती म्हणाली. "म्हणजे छोटा." आवाज उगाचच हळू झाला होता.

त्याने दुकानाच्या काचेवर फोटो लावला, खाली स्वतःचा नंबर लिहिला आणि मालक सापडेपर्यंत कुत्र्याला घरी नेलं. नाव ठेवलं फूटपट्टी. त्यानंतर फूटपट्टीच्या तक्रारी संपेनात. आज नखं वाढली, उद्या कान खाजतोय, परवा तर म्हणे तो उदास दिसतोय! कुत्रा टेबलावर पसरून मजेत घोरायचा आणि ही दोघं दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत बोलत बसायची.

फोन आले. एका बाईंचा हरवलेला कुत्रा लांबकेसी होता, दुसऱ्या कुणाचा मिशाळ. जुळलं नाही की तिला हायसं वाटायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

तिसरा फोन पार्लरमध्येच आला. निवृत्त शाळामास्तर होते. कुत्रा गुळगुळीत, चॉकलेटी, छाती चौतीस. डॉक्टरांच्या कार्डावर लिहिलेलं होतं. बायको गेल्यापासून घरात तेवढाच एक सोबतीला, असंही ते म्हणाले.

त्याने फोनवर हात ठेवला. "आमचा मोठ्या आकाराचा आहे, असं सांगू?"

तो चेष्टा करत नव्हता. तिने फूटपट्टीच्या कानामागे हात ठेवला.

"मलाही तेच सांगावंसं वाटतंय," ती म्हणाली. "म्हणून तर… नको."

त्याने फोन पुन्हा कानाला लावला. "सर, तुमचाच आहे. या."

मास्तर आले. त्यांचा आवाज ऐकताच कुत्रा आखूड पायांनी धडपडत धावला, रडल्यासारखं ओरडला. मास्तर इस्त्रीच्या पँटसकट जमिनीवरच बसले. ही दोघं भिंतीकडे बघत उभी राहिली. एकमेकांकडे बघण्याची सोय नव्हती.

त्यानंतर तो आला नाही. एक दिवस, दोन दिवस… त्याच्या काचेवरचा फोटोही निघाला. तिने दोनदा रस्ता ओलांडला आणि दोन्ही वेळा शेजारच्या दुकानातून नको असलेला साबण घेऊन परतली.

चौथ्या दिवशी दुपारी दार उघडलं. सवयीने तिची नजर आधी जमिनीकडे गेली. तिथे फक्त बूट होते.

"आज कुत्रा नाही," तो म्हणाला. "कारणही नाही काही. तरी आलो."

तिने हातातला कंगवा खाली ठेवला.

"चार दिवस वाट बघतेय, मला चष्मा लागावा म्हणून," ती म्हणाली. "डोळे मेले ठणठणीत निघाले."

तो हसायला लागला, आणि हसता हसताच तिचा हात हातात घेतला. "मग डोळे राहू देत. चहा घ्यायला येतेस?"

हे 'येता' नव्हे, 'येतेस' तिने नीट ऐकलं. एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि भरदुपारी पार्लर बंद केलं.