गार वाडगा

चीनमधल्या चिंगशान डोंगराच्या पायथ्याशी माझं चहाचं दुकान आहे. चहा मी उकळत नाही. हिरवी पूड वाडग्यात घ्यायची, गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या घुसळणीनं फेस येईपर्यंत घुसळायचं. त्या दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, "जपानी दिसतोय चहा."

"आपलाच आहे," मी म्हणाले. त्याच क्षणी कोपऱ्यातल्या टेबलावरूनही तेच शब्द आले. मी वळून पाहिलं... तो हसत होता. मलाही हसू आवरेना.

तो तान छिशान. दूरच्या क्वेचौ प्रांतातल्या चहाच्या पूड-गिरणीतला, आमच्याकडच्या मळ्यांवर सावलीच्या जाळ्या बसवायला महिनाभर आलेला. मग रोज संध्याकाळी यायला लागला. डोंगरावरच्या मठातून भिक्खूंनी ही रीत जपानला नेली आणि इथे आपणच ती विसरून बसलो, यावर आमचं एकमत. बाकी सगळ्यावर वाद. मग जुन्या पद्धतीची पैज लागायची. दोघांनी एकदम घुसळायचं, ज्याचा फेस वाडग्याच्या कडेपासून आधी सुटेल तो हरला. हरणाऱ्यानं दुकानातले सगळे वाडगे विसळायचे. रोज तोच हरायचा, कारण वाडगा आधी गरम करायचा विसरायचा. गार वाडग्यात फेस टिकत नाही, हे त्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "आज मी जिंकलो तर तू क्वेचौला यायचं, आमच्या लोकांना घुसळायला शिकवायचं. हरलो तर उद्या गुपचूप निघून जाईन."

त्यानं जाऊ नये, असंच मला वाटत होतं. पण आपण होऊन 'येते' म्हणायला जीभ रेटेना.

आम्ही घुसळलं. माझा फेस आधी सुटला.

मग त्यानं माझा वाडगा उचलला. "बूड गार आहे याचं."

"विसरले."

"तू... आणि विसरलीस?"

माझे कान तापले. "नाही विसरले. यायचंय मला — तुझ्याबरोबर."

वाडगा त्यानं खाली ठेवलाच नाही. "आठ वर्षं या पुडीत काढलीत मी, रुओयी. वाडगा गरम करायचा असतो हे मला ठाऊक नसेल? विसळायच्या निमित्तानं थांबता यायचं, म्हणून हरायचो."

नियमाप्रमाणे वाडगे मलाच विसळायचे होते. पण त्यानं बाह्या सरसावल्या आणि शेजारी येऊन उभा राहिला.