एक बसलेलं, एक आडवं

दार ढकलून ताई आत आली आणि उंबऱ्यातच थबकली... दोन वर्षांनी धाकट्या बहिणीचं दर्शन घडावं, तेही असं! गालिच्यावर गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून, भलंमोठं पोट सांभाळत धाकटी उलटी वाकली होती. आणि तिचा नवरा, एवढा धिप्पाड बसड्रायव्हर, तिच्या शेजारी पालथा पडून ओटीपोटापाशी मोबाइलवर गाणं वाजवत होता.

“खालचं बाळ ढुंगणावर बसलंय, वरचं आडवं पसरलंय,” तो ओशाळून म्हणाला. “गाण्याच्या दिशेनं डोकी फिरतात म्हणे, ताई.”

“आणि फिरली की तिकीट फाडणार का त्यांचं?”

धाकटी खुदकन हसली... आणि मग एकदम आठवण होऊन तिनं ओठ घट्ट मिटले. “तुला कोणी बोलावलं?”

“मी,” नवरा म्हणाला आणि चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सटकला.

धाकटीच्या जन्माच्या वेळीच आई गेली होती. तेव्हापासून ताईनंच, स्वतः परकरातलं पोर असताना, तिला अंगाखांद्यावर वाढवलं. पुढे चष्म्याच्या दुकानात काचा घासून शिकवलं, आलेली स्थळं हसत परत धाडली. पण बाबा गेले, तेव्हा ताईच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नाही, आणि धाकटी सगळ्यांदेखत कडाडली होती, “तुझं काळीज दगडाचं आहे!” तो घाव मुकाट्यानं सोसून ताई निघून गेली होती...

आता डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की जुळ्यांतलं पहिलंच बाळ बसलेलं आहे, परवा ऑपरेशन करायलाच हवं. आधीच पाणी फुटलं आणि नाळ खाली घसरली, तर बाळाच्या जिवावर बेतेल. धाकटी मात्र हटून बसली होती.

“ऑपरेशननं आई गेली, ताई! मीही जाईन... अजून थोडं थांबूया. फिरतील ती आपोआप!”

ताईच्या काळजात चर्र झालं. हेच शब्द... अगदी हेच! बाबांना दिलेलं वचन तिच्या ओठांवर कुलूप होऊन बसलं होतं. पण वचन मोठं, की समोरचे हे तीन जीव?

“आई ऑपरेशननं गेली नाही,” ती खाली बसत म्हणाली. “तूही पोटात अशीच बसली होतीस. पायाळू. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणत होते आणि बाबा म्हणत होते, थांबूया, फिरेल आपोआप... शेवटी केलं, पण फार उशिरा. तू वाचलीस. आई नाही.”

“बाबा...?”

“मी दाराआडून ऐकलं होतं गं. तुला कळू देऊ नको म्हणून त्यांनी माझे हात धरले. तू त्यांच्या गळ्यात पडायचीस ना, तेव्हा वाटायचं, निदान हिला तरी बाबा पुरते मिळू देत.”

“म्हणून तू रडली नाहीस?”

“राग होता... मायाही होती. दोन्ही एकदम दाटून आल्यावर रडू कुठून फुटणार?”

“आणि मी तुला दगड म्हणाले! ताई, मला माफ कर गं!” धाकटी हुंदके देत तिच्याकडे झेपावली, पण मिठी काही जमेना, मध्ये पोट आडवं आलं! रडता रडता दोघींना हसू फुटलं.

“बाबांना वाईट म्हणू नकोस,” ताईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. “घाबरले होते ते. आत्ता तू घाबरलीस तसेच.”

“परवा तू दाराबाहेर थांबशील?”

“हाकललंस तरी हलणार नाही!”

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. “खालची शेवटपर्यंत ठाण मांडून होती, वरचीनं मात्र ऐन वेळी कोलांटी मारली. दोघी मुली, आणि आई एकदम ठणठणीत!”

दोन गाठोडी ताईच्या दोन हातांत आली. फिकट, थकलेली धाकटी गादीवरून टक लावून पाहत होती.

“पोरींनो, ही बघा तुमची आजी.”

“आजी म्हणालीस तर याद राख! मावशी आहे मी.”

“मावशी कशी? माझी आई तूच ना...”

ताईनं घाईघाईनं तोंड फिरवलं. पण दोन्ही हात भरलेले, डोळे पुसणार तरी कशानं?