आधी पोरे, मग आंबे

"ए, झाडावरच्या! खाली उतर आधी. वरून बोलणाऱ्याला उत्तर देण्याची मला सवय नाही."

ज्ञानेश्वरीने मान वर करून हे शब्द एका हापूसच्या झाडाला सुनावले, तेव्हा मार्चातले ऊन कातळावर भाजणी भाजत होते आणि लसीच्या निळ्या पेटीचा पट्टा तिच्या खांद्याला काचत होता. कातळवाडीच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून रुजू होऊन तिला जेमतेम महिना झाला होता. समोर बागेचे फाटक बंद होते, फाटकाआड कुत्री भुंकत होती, आणि पानांच्या गर्दीतून कोणीतरी निवांतपणे म्हणाले होते, "आज फाटक उघडायचं नाही, बाई."

फांदी हलली. आधी आंबे उतरवायचा झेला खाली आला, मग दोन मातकट पावले, आणि मग एक उंच, सावळा तरुण... ओठांवरचे हसू आवरण्याचा प्रयत्न करणारा.

"उतरलो. आता बोला."

"मालकाला जाऊन सांग, उपकेंद्रातली सिस्टर आली आहे. आत राखणदारांची पोरं आहेत, त्यांना लस द्यायची आहे."

"सांगितलं."

"कधी?"

"आत्ताच. मालकाचा मुलगा मीच आहे."

दुसरी एखादी लाजली असती. ज्ञानेश्वरी अधिकच भडकली. 'अरे'चे 'अहो' झाले, धार मात्र तीच राहिली. "मग तर फारच सोपं झालं. उघडा फाटक."

"भाऊंची आज्ञा आहे... हंगाम संपेपर्यंत सुई नको. गेल्या वर्षी लस टोचल्यावर पोरांना दोन दिवस ताप आला. बाया खोपीतून हलल्या नाहीत, आणि आंबा झाडावरच पिकून गळला."

ज्ञानेश्वरीसोबत आलेल्या येसूबाई, वाडीच्या आशा सेविका, तिच्या कानाशी लागल्या. "सखारामभाऊंचा शुभंकर गो ह्यो. दापोलीस शेतकी शिकून आलाय."

"शिकून?" ज्ञानेश्वरीने एवढाच एक शब्द उच्चारला आणि ती वळली. मोहोराचा वास अजून रेंगाळत होता. झेला हातात धरून तो किती तरी वेळ तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे पाहत राहिला, असे येसूबाईंनी वाटेत तिला मुद्दाम सांगितले.

"पाहू दे मेल्याला," ती म्हणाली.

रत्नागिरीच्या हापूसचे कौतुक साऱ्या जगाला आहे. त्या हापूसची राखण करणाऱ्यांचे कौतुक कोणाला असेल, तर ते अद्याप कोणाच्या कानावर आलेले नाही. दिवाळीच्या सुमारास नेपाळातून बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे येतात, बागेतल्या पत्र्याच्या खोपीत राहतात, वानरे हाकतात, रात्री जागतात, आणि पावसाळा तोंडावर आला की मुकाट्याने निघून जातात. आंब्याला डाग पडला तर बागायतदार तो दहादा उलटून पाहतो. त्याच झाडाखाली खेळणारे पोर किती महिन्यांचे, त्याला कोणती लस मिळाली, हे विचारा, म्हणजे तो आकाशाकडे पाहील. ही आपल्या घरची गोष्ट आहे, आणि तिची लाज आपल्यालाच वाटली पाहिजे.

ज्ञानेश्वरीला ती वाटत होती. म्हणूनच चार दिवसांनी संध्याकाळी शुभंकर एक करंडी घेऊन उपकेंद्राच्या दारात उभा राहिला आणि गवतातून पिकल्या आंब्यांचा गोड दरवळ खोलीभर पसरला, तेव्हा तिचे मस्तक फिरले.

"हे काय?"

"पहिले पिकलेले. तुमच्यासाठी."

"परत न्या."

"आंबे आहेत हो, लाच नाही."

"ज्या झाडाखालच्या पोराला लस मिळत नाही, त्या झाडाचा आंबा माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

त्याने करंडी उंबऱ्याबाहेर ठेवली. "भाऊंशी बोलायचं आहे मला. योग्य वेळ आली की..."

"खाडीपलीकडच्या कामगार वस्तीत गोवर निघालाय, शुभंकर. तो काय तुमची योग्य वेळ विचारून येणार आहे?"

तिने प्रथमच त्याचे नाव घेतले होते. दोघांच्याही ते ध्यानात आले, आणि दोघांनीही तसे दाखवले नाही.

"मंडणगडला होते मी," तिचा आवाज एकदम खाली आला. "तिथं एक पोर गोवरानंतर न्यूमोनियानं गेलं. माझ्या मांडीवर. आई विचारत होती, आता सुई दिली तर चालेल का... तेव्हापासून मला कोणी 'नंतर' म्हटलं की सहन होत नाही."

त्याने तिची रिकामी पेटी उचलली आणि तिच्यासोबत एसटीच्या थांब्याकडे चालू लागला. थांब्यावर ती पेटी परत घेताना पट्ट्यावर दोघांची बोटे क्षणभर एकमेकांत अडकली... आणि अशा भित्र्या माणसाला देवाने एवढे शांत डोळे कशाला द्यावेत, याचा तिला नव्याने संताप आला.

"तुम्ही रागावलात की..."

"सुंदर दिसता, असं म्हणणार असाल तर आल्या वाटेने चालू लागा."

"नाही... धडकी भरते, म्हणणार होतो."

एसटी आली. खिडकीशी बसून तिने तोंड दुसरीकडे वळवले. ओठांच्या कोपऱ्यात जे उमटले होते, ते त्याला दिसता कामा नये होते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी हंगामाची पहिली मोठी गाडी वाशीच्या बाजाराला निघायची होती. पेट्या चढत होत्या, आणि शुभंकर गाडीच्या हौद्यात उभा राहून त्या रचून घेत होता. ज्ञानेश्वरी येसूबाईंना घेऊन सकाळीच आली. फाटक गाडीसाठी उघडे होते. ती आत शिरली नाही. फाटकाच्या मधोमध तांबड्या मातीत बसली आणि लसीची पेटी तिने मांडीवर घेतली.

सखारामभाऊ धोतराचा सोगा सावरत आले. "सिस्टर, उठा. गाडीला उशीर होतोय."

"मलाही होतोय. पेटीतला बर्फ वितळतोय माझ्या."

"मे अखेर टोचा हव्या तेवढ्या सुया! मी नाही म्हटलंय का?"

"मे अखेर ही बिऱ्हाडं गेलेली असतात. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही मे अखेर म्हणता."

बागेतल्या बाया हातातले काम सोडून गोळा झाल्या होत्या. त्यांच्यातून मनमाया पुढे आली. पाठीशी शालीत बांधलेली नऊ महिन्यांची आस्था. "साब, माझी पोरगी लहान हाय. गोवर आला तर मी आंबा घेऊन काय करू?"

"तू गप! कामाला लाग."

मनमायाने मान खाली घातली. पाठीवरची आस्था तेवढी भाऊंकडे पाहून हसली, दोन दात दाखवून.

हौद्यातून शुभंकरने खाली उडी टाकली.

"भाऊ, गाडी जेवढी भरली आहे तेवढीच जाईल. पोरांना लस आत्ता, इथं मिळेल. बाया दोन दिवस पोरांजवळ बसतील, आणि कोणाची मजुरी कापायची नाही."

भाऊंना आधी ऐकू आले ते खरेच वाटेना. एकतीस वर्षांत हा मुलगा त्यांच्यापुढे एवढे बोलला नव्हता. "आणि झाडावरचा आंबा? तो काय तुझी बायको काढणार?"

शुभंकरने एकवार ज्ञानेश्वरीकडे पाहिले. तिच्या केसांत धूळ होती, नाकावर घाम होता, आणि डोळ्यांत निखारे.

"ती कशाला काढेल?" तो म्हणाला. "ती झाडाखाली उभी राहून ओरडेल. काढीन मीच."

गाडीच्या चालकाने शीळ घातली. येसूबाईंनी पदर तोंडात कोंबला. ज्ञानेश्वरी ताडकन उठून उभी राहिली.

"मी कोणाला होकार दिलेला नाही!"

"माहीत आहे."

"मग चारचौघांत असं..."

"'नंतर' सहन होत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? भाऊंपुढे तोंड उघडलं. आत जे जे होतं, ते सगळंच बाहेर पडलं... मी तरी काय करू?"

"हात धुवा," ती गरजली, "आणि ते पलीकडचं पोर धरून बसा!"

आंबे भरायच्या शेडमध्ये, पेंढ्याच्या वासात, लसीकरण झाले. कोणाला गोवराची लस, कोणाला आधीची राहून गेलेली. पोरांनी आकाशपाताळ एक केले. सगळ्यांत मोठ्याने आस्था रडली, आणि सगळ्यांत आधी तीच हसली. भाऊ मात्र घरात जाऊन दार लावून बसले.

दोन दिवसांनी ज्ञानेश्वरी तापाच्या पोरांना पाहायला आली. ताप उतरले होते. झाडावरून उतरलेल्या शुभंकरला पाहून मात्र ती थबकली. आंब्याचा चीक उडून त्याचा गाल भाजला होता, आणि दोन्ही तळहात सोलवटले होते.

"बसा इथं. हलू नका. चीक उडतो हे दापोलीला शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं होतं. घाई होती..."

ती मलम लावत होती, ओठ घट्ट मिटून. तो तिच्याकडे पाहत होता. खाडीकडून वारा आला, आणि तिची एक बट त्याच्या गालाला, नेमकी भाजल्या जागी, लागून गेली. त्याने ओठ चावला. गाल मात्र मागे घेतला नाही.

"ज्ञानेश्वरी... राग गेला का?"

"नाही. तुमच्या वडिलांवरचा तर नाहीच."

"माझ्यावरचा?"

बोट क्षणभर थांबले. "...थोडा." मग ती घाईने म्हणाली, "पण ऐकून ठेवा. फाटकात मला बायको म्हणून मोकळे झालात, ते मी मोजत नाही. भाऊंनी स्वतः उपकेंद्रात यायचं, पायी. लसीकरणाच्या दिवशी, बायांच्या मागं बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत बसायचं, आणि मग काय ते विचारायचं. ज्या बायांना त्यांनी गप्प बसवलं, त्यांच्या मागं."

"ते येणार नाहीत."

"मग मीही येणार नाही."

मान तिने ताठ ठेवली होती, मलमाची डबी मात्र त्याच्याच हातात ठेवली.

भाऊ मुलाशी महिनाभर बोलले नाहीत. एप्रिल सरता सरता गोवर खाडी ओलांडून अलीकडे आला. शेजारच्या बागेचे फाटक बंदच राहिले होते. तिथली दोन पोरे दवाखान्यात गेली, आणि वाचली ती केवळ दैव बलवत्तर म्हणून. सखारामभाऊंच्या बागेत एकही पोर आजारी पडले नाही. ज्याला हे दिसायला शेजारचे पोर तापाने फणफणावे लागते, त्याच्या शहाणपणाचे पोवाडे कोणी गाऊ नयेत. तरीही उशिरा का होईना, दिसले.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या ओसरीवर गर्दी होती. मनमाया आस्थाचे वजन करून घ्यायला आली होती. तिच्यामागे वाडीतल्या बाया होत्या. आणि बाकाच्या टोकाला, टोपी मांडीवर ठेवून, धुळीने पाय माखलेले सखारामभाऊ बसले होते. शेजारी शुभंकर, गालावर चिकाचा पुसट डाग घेऊन.

ज्ञानेश्वरीने एकदा पाहिले आणि पुन्हा पाहिले नाही. एकेक पोर तपासले, एकेक आई समजावली. कोणाचीही पाळी तिने पुढे-मागे केली नाही. येसूबाई मध्येच कुजबुजल्या, "अगो, म्हातारा घामानं भिजलाय." "भिजू देत," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, वर न पाहता, "पाणी द्या त्यांना."

अखेर ओसरी रिकामी झाली.

"पुढे कोण?"

भाऊ उठले. त्यांनी टोपी हातात धरली. "मी आहे, बाई. मुलाला घेऊन आलोय."

"वय काय मुलाचं?"

"एकतीस पूर्ण."

ज्ञानेश्वरीने हातमोजे काढले, कपाळावरची बट मागे सारली, आणि कित्येक आठवड्यांत प्रथमच शुभंकरच्या डोळ्यांत सरळ पाहिले.

"फार उशिरा आणलंत," ती म्हणाली. "बसा."